चाकांनी खाल्लेला वेग

"काका, चाकं मोठी लावली की गाडी जास्त पळणार ना?" मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीत हा प्रश्न मला मुलांनी विचारला, त्यांच्या वडिलांनीही विचारला. वडिलांचा तर तो प्रश्न नव्हताच, खात्रीच होती.

खेळ साधा आहे: लाकडाची छोटी गाडी उतारावरून सोडायची, जिची पुढे ती जिंकली. पाईनच्या लाकडाचा वीतभर ठोकळा, चार खिळे, चार चाकं. मोटर नाही, बॅटरी नाही, धक्काही द्यायचा नाही. १९५३ साली कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच या गावी डॉन मर्फी यांनी अशी पहिली शर्यत भरवली, कारण त्यांचा मुलगा बसून चालवायच्या उताराच्या गाड्यांसाठी वयाने लहान होता. तिथे गाडीच्या वजनाची मर्यादा ५ औंस, म्हणजे सुमारे १४२ ग्रॅम. आम्ही १४० धरली. लाकूड वागळे इस्टेटमधून आणलेल्या पॅकिंगच्या पेटीचं. मार्ग म्हणजे प्लायवूडची ८ फुटी फळी, वरचं टोक ४ फुटांवर, खाली सनमायकाचा तुकडा वाकवून जोडलेला आणि पुढे पार्किंगची सपाट फरशी.

मोठ्या लाकडी चाकांची गाडी शेवटी आली. दर वेळी.

शाळेत आपण शिकतो की वर ठेवलेल्या वस्तूतली स्थितिज ऊर्जा खाली येताना गतिज होते, आणि गतिज ऊर्जा म्हणजे १/२ mv². पण हे सूत्र सरळ घसरत येणाऱ्या वस्तूचं आहे. चाक पुढे जातं आणि त्याच वेळी स्वतःभोवती फिरतं. त्या फिरण्यालाही ऊर्जा लागते आणि ती त्याच शिदोरीतून जाते.

हे डोळ्यांनी बघायचं असेल तर एकसारख्या दोन प्लास्टिकच्या बाटल्या घ्या. दोन्हींत सारखंच पाणी जवळजवळ काठोकाठ भरा आणि एक फ्रीजरमध्ये गोठवा. मग दोन्ही फळीवरून आडव्या सोडा. पाण्याची बाटली पुढे निघते. तिच्यातलं पाणी बाटलीबरोबर फारसं फिरत नाही, नुसतं खाली येतं. बर्फाला मात्र सगळाच्या सगळा फिरावं लागतं. हा प्रयोग मी पन्नास वेळा केला असेल, अजून मन भरलेलं नाही.

आता थोडं गणित. फिरवायला वस्तू किती जड जाते त्याचं माप म्हणजे जडत्वाचं आघूर्ण, I. भरीव चकतीचं ते १/२ mr², इथे m वस्तुमान आणि r त्रिज्या. फिरण्याची ऊर्जा १/२ Iω², ω म्हणजे फिरण्याचा वेग, आणि न घसरता घरंगळणाऱ्या चाकात तो v/r असतो. किमती घाला. r² वरही आहे आणि खालीही, तो उडून जातो! उरतं १/४ mv². म्हणजे चाक केवढं आहे याचा इथे काही संबंध नाही. त्याचं वस्तुमान किती आणि ते कडेला आहे की मध्यात, एवढंच मोजलं जातं. सगळं वजन कडेला असलेल्या कड्याला याच्या दुप्पट, १/२ mv² लागते.

आमच्या लाकडी चकत्या प्रत्येकी १० ग्रॅमच्या होत्या. चार चाकं ४० ग्रॅम, त्यांच्या फिरण्यापायी गाडी जणू २० ग्रॅमने जास्त जड. १४० ग्रॅमची गाडी १६० ची असल्यासारखी वागते, पण तिला ओढणारं वजन १४० चंच. आठवा हिस्सा ऊर्जा गरगरण्यात गेली. पाण्याच्या बाटलीची झाकणं लावली तर चौघांचं मिळून जेमतेम १० ग्रॅम. ते सगळं कडेला धरलं तरी पंधरावा हिस्सा जातो.

मोठ्या चाकाचा एक फायदा खरा आहे: तेवढ्याच अंतरात त्याचे फेरे कमी होतात, त्यामुळे खिळ्यावर घासणं कमी. पण तो फायदा बारीक खिळ्यानेही मिळतो. झाकण ३० मिलिमीटरचं आणि खिळा २.५ चा असेल, तर गाडी १२ मिलिमीटर पुढे जाते तेव्हा खिळ्यावर १ मिलिमीटरच घासलं जातं. खिळा काचकागदाने गुळगुळीत करा आणि ६बी पेन्सिलीच्या शिशाची पूड लावा. कॅरमची बोरिक पावडरही चालते. ग्रॅफाइटसारखीच तिची रचनाही थरांची, एकमेकांवरून सरकणारी.

"सगळ्या वस्तू सारख्याच वेगाने पडतात, मग वजन कशाला वाढवायचं?" असं नववीतल्या एका मुलीने विचारलं. प्रश्न अगदी योग्य होता. हलक्या गाडीत चाकांचा हिस्सा मोठा पडतो, आणि हवेचा अडथळा गाडीचं वजन बघत नाही. म्हणून मर्यादेपर्यंत वजन भरायचं, आणि ते मागच्या बाजूला. आम्ही ५ रुपयांची नाणी चिकटवली. फळीचा कोन ३० अंशांचा. गुरुत्वमध्य ४ सेंटिमीटर मागे नेला की सुटताना तो २ सेंटिमीटर जास्त उंचीवर असतो, तेवढी उंची फुकट मिळते. फार मागे नेलात तर पुढची चाकं डगमगतात.

एका गाडीच्या नाकाला आजीने लिंबू-मिरची बांधून दिली होती. आजीचा जीव मुलासाठी तुटतो हे मला कळतं, पण नजर लागून गाडी मंदावत नाही. त्या गाडीचा एक खिळा वाकडा होता, म्हणून ती कडेला घासत होती. खिळा सरळ केला, लिंबू काढलं, तेवढं वजन मागे लावलं. मुलाला कारण दिसलं, आणि पुढच्या फेरीत स्वतःच्या हाताने दुरुस्त केलेली गाडी घेऊन तोच पुढे होता.

यंदा दोन मुलींनी पुढचं एक चाक जरा वर बसवलंय. ते जमिनीला टेकत नाही, फिरत नाही, ऊर्जाही खात नाही. बाकीच्यांनी आरडाओरडा केला, मग सगळ्यांनी मिळून नियमांचा कागद वाचला. चार चाकं हवीत असं त्यात आहे, चारही टेकली पाहिजेत असं नाही.