सापशिडी खेळताना मूल तोंडाने काय म्हणतंय?

लहान मुलं सापशिडी खेळतात तेव्हा जरा कान देऊन ऐका. सोंगटी 6 वर आहे, फाशावर 3 पडले, की मूल "एक, दोन, तीन" म्हणत 9 वर जाऊन बसतं. पोचलं बरोबर, पण मधल्या घरांवरचे आकडे त्याने बघितलेच नाहीत. त्याच्याकडून "सात, आठ, नऊ" असं म्हणून घेतलं ना, तर तिथल्या तिथे 6 अधिक 3 होऊन जातं आणि कोणी अभ्यासाला बसवलंय असं त्याला वाटतही नाही.

यावर खरंच प्रयोग झालेत. गीता रामाणी आणि रॉबर्ट सीग्लर यांनी अमेरिकेत गरीब घरातल्या बालवाडीच्या मुलांना एक एकदम साधा पट दिला, एका ओळीत 1 ते 10 घरं, चकती फिरवायची, 1 किंवा 2 येणार, तेवढं पुढे सरकायचं आणि त्या त्या घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा, बस. दोन आठवड्यांत चार वेळा, दर वेळी 15-20 मिनिटं. दुसऱ्या गटाला तसाच पट पण आकड्यांऐवजी रंगांचा. 2008 मध्ये निकाल छापून आला, आकडेवाल्या मुलांचं मोजणं, आकडे ओळखणं, कुठला मोठा कुठला छोटा हे सगळंच सुधारलं होतं आणि 9 आठवड्यांनी परत तपासलं तरी टिकून होतं, रंगवाल्यांमध्ये तसं काही झालं नाही. पुढे पट गोल करून बघितला तर तेवढा फायदा दिसला नाही. आणि 2014 मध्ये 0 ते 100 च्या पटावर "घरातला आकडा म्हणा" आणि "एकपासून मोजा" यांची थेट तुलना झाली, त्यात घरातला आकडा म्हणणारीच मुलं जास्त शिकली.

याचं कारण मुलं बेरीज कशी करतात त्यात आहे. 5 आणि 3 म्हटलं की सुरुवातीला मूल एका हाताची पाच बोटं मोजतं, दुसऱ्याची तीन, आणि मग परत पहिल्यापासून आठही. पाच मोजून झालेत, आता तिथूनच "सहा, सात, आठ" म्हणत पुढे जायचं, ही मोठी उडी आहे आणि ती पाठ करून येत नाही. नंतर मूल स्वतःच 2 आणि 7 मध्ये सातपासून सुरू करायला लागतं. या काळात कृपा करून "बोटं मोजू नकोस" म्हणून ओरडू नका, बोटांची गरज संपली की ती आपोआप सुटतात.

एक अडचण मात्र आहे, सापशिडीची पहिली ओळ डावीकडून उजवीकडे जाते आणि दुसरी उलटी, त्यामुळे चार-पाच वर्षांचं पोर गोंधळतं. त्यांच्यासाठी फरशीवर खडूने 1 ते 10 ची सरळ रेघ आखा आणि सोंगटीच्या जागी मुलालाच उड्या मारू द्या.

वजाबाकीला चिंचोके बेस्ट (अगदी तान्ह्यांच्या हाताला लागू देऊ नका, तोंडात घालतात). पाच चिंचोके मांडा, मुलाकडून मोजून घ्या, डोळे मिटायला सांगा आणि काही मुठीत लपवा. समोर तीन दिसतायत, मग मुठीत किती? मूल आधी मुठीकडे बघतं, मग तिनाकडे, ओठ हलतात, मग बोटं उघडतात. घाई करू नका, उत्तर सांगूही नका, मूठ उघडली की चूक का बरोबर ते त्याचं त्यालाच दिसतं, लाल पेनची गरजच नाही. मग त्याला लपवू द्या आणि तुम्ही ओळखा, हा भाग मुलांना सगळ्यात जास्त आवडतो.

पाच जमले की सात, मग दहा. दहावर मात्र भरपूर दिवस थांबा, कारण 8 आणि 2, 7 आणि 3, 6 आणि 4 या जोड्या तोंडात बसल्या की 8 अधिक 5 करताना पाचातले दोन आठाला देऊन 10 आणि 3 असं मूल पटकन करतं, आणि हातच्याची बेरीज येते तेव्हा हेच लागतं.