मरणानंतरचा न्याय आणि शेवटचा न्याय

दर २ नोव्हेंबरला, मृतांच्या स्मरणाच्या दिवशी, आम्ही कॅथलिक घरातली माणसं पुण्यात सोलापूर रस्त्यावरच्या कब्रस्तानात जातो. आजीच्या कबरीला आधीच चुना मारून झालेला असतो. त्या दिवशी फक्त झेंडू, शेवंती आणि मेणबत्त्या. वारा सुटला की मेणबत्ती विझते, मग कोणीतरी ओंजळीचा आडोसा करून ती पुन्हा लावतं. गेल्या वर्षी शेजारच्या काकूही बरोबर आल्या होत्या. फादरांची प्रार्थना संपल्यावर त्यांनी विचारलं, "काय गं, माणूस गेला की लगेच त्याचा न्याय होतो म्हणालीस. आणि फादर म्हणतात, ख्रिस्त शेवटी न्याय करायला येणार. मग आजींचा निवाडा झालाय की व्हायचाय?"

प्रश्न नेमका होता. चर्चमध्ये लहानाची मोठी झालेली माणसंसुद्धा इथे गोंधळतात.

कॅथलिक शिकवणुकीत न्याय दोनदा सांगितला आहे. पहिला मरणाच्या क्षणी, एकेकट्या माणसाचा. तो व्यक्तिगत न्याय. दुसरा जगाच्या अंती, सगळ्यांचा सगळ्यांसमोर. तो अंतिम न्याय. पण निकाल एकच. शिवाजीनगरचं कोर्ट आणि वर मुंबईचं हायकोर्ट अशी उतरंड डोळ्यांपुढे आणली तर सगळंच चुकतं. अंतिम न्यायाच्या वेळी अपील नसतं, पहिला निवाडा फिरतही नाही.

पहिल्याचा आधार बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानात सापडतो. शेजारच्या क्रुसावर टांगलेल्या अपराध्याला येशू सांगतो, की तू आजच माझ्याबरोबर सुखलोकात असशील. 'आज' हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्याचं चित्र मत्तयच्या २५व्या अध्यायात आहे: सगळी राष्ट्रं राजासमोर गोळा होतात, मेंढपाळ मेंढरं आणि शेरडं वेगळी करतो तशी तो माणसं वेगळी करतो, आणि विचारतो ते भुकेल्याला जेवू घातलंत का, उघड्याला पांघरलंत का, तुरुंगातल्याला भेटलात का.

ही गल्लत एकदा खुद्द पोपच्या व्यासपीठापर्यंत पोचली होती. १३३१ साली फ्रान्समधल्या अविन्योंमध्ये, जिथे तेव्हा पोप राहत, पोप जॉन बाविसावे यांनी प्रवचनात सांगितलं, की पुण्यवंतांच्या आत्म्यांनाही अंतिम न्यायापर्यंत देवाचं प्रत्यक्ष दर्शन घडत नाही. धर्मपंडितांत मोठं वादळ उठलं. १३३४ मध्ये मृत्युशय्येवर त्यांनी ते मत मागे घेतलं. त्यांच्या जागी आलेल्या बेनेडिक्ट बाराव्यांनी १३३६ साली फर्मान काढून विषय मिटवला: शुद्ध झालेल्या आत्म्याला अंतिम न्यायाची वाट पाहत थांबावं लागत नाही.

मग दुसऱ्यांदा न्याय कशाला? मला स्वतःला हा प्रश्न बरीच वर्षं छळत होता. उत्तर तेराव्या शतकातल्या संत थॉमस अक्विनास यांच्याकडे मिळालं. ते म्हणतात, माणूस मरतो पण त्याचं आयुष्य तिथे पुरतं संपत नाही. ते मुलांत उरतं, लोकांच्या आठवणीत उरतं, आणि मुख्य म्हणजे केलेल्या कामाच्या परिणामांत चालूच राहतं. एखाद्याची चुकीची शिकवण त्याच्यामागे शतकानुशतकं माणसं बिघडवते, प्रेषितांचा उपदेश तितकाच काळ माणसं उभी करतो. हे सगळं वाहून संपेपर्यंत त्या आयुष्याचं पूर्ण माप उघड कसं होणार?

पुण्याच्या माणसाला पंडिता रमाबाईंवरून हे चटकन कळावं. १८९० मध्ये त्यांनी विधवांसाठीचं शारदा सदन मुंबईहून पुण्यात आणलं, पुढे दुष्काळातल्या मुलींना घेऊन केडगावला मुक्ती ही संस्था उभी केली. १९२२ साली त्या गेल्या. त्या स्वतः कॅथलिक नव्हत्या, पण अक्विनासच्या हिशेबाने त्यांच्या आत्म्याचा निवाडा तेव्हाच झाला. मुक्तीचं काम मात्र आजही चालू आहे, आणि तेही त्यांच्याच आयुष्यात मोडतं. उलट बाजूही तितकीच खरी. खोटे कागद करून भावाची जमीन लाटणारा मरून जातो, पण दोन्ही घरांतली नातवंडं एकमेकांशी बोलत नाहीत. व्यक्तिगत न्यायात त्याचं पाप ठरतं. त्या पापाने किती घरं पोखरली, हे सगळ्यांसमोर येतं ते शेवटी.

आणखी एक फरक: पहिल्या न्यायासमोर आत्मा एकटा असतो, शेवटच्या न्यायाला माणूस पुनरुत्थित देहासह उभा राहतो.

दोन्ही वेळा न्याय करण्याचा अधिकार ख्रिस्ताचा. योहानच्या पाचव्या अध्यायात म्हटलंय, की पित्याने न्यायाचं सगळं काम पुत्राकडे सोपवलं, कारण तो मनुष्याचा पुत्र आहे. ज्याने स्वतः खोट्या खटल्यात शिक्षा भोगली, तोच न्यायाधीश. मला या वाक्याचा फार आधार वाटतो. एका अंत्यविधीला, आत्महत्या केलेल्या मुलाच्या आईसमोर, एका गृहस्थांनी तो नरकातच गेला असं ठणकावून सांगितलेलं मी ऐकलंय. त्यांना हा अधिकार कोणी दिला? कॅथलिक चर्च संतपद जाहीर करतं, पण अमुक माणूस नरकात आहे असं त्याने आजवर कोणाही नावाच्या माणसाबद्दल जाहीर केलेलं नाही. उलट आत्महत्या केलेल्यांसाठीही ते प्रार्थना करतं.

काकूंचा पुढचा प्रश्न अपेक्षितच होता. "निकाल लागलाय, तर प्रार्थना कसली करता?" निकाल बदलावा म्हणून नव्हे. देवाच्या कृपेत मेलेल्या माणसाचीही शुद्धी बाकी असू शकते, असं आम्ही मानतो, आणि त्या वाटेवर आपल्या प्रार्थनेची त्याला साथ होते. बहुतेक प्रोटेस्टंट हे मानत नाहीत. मेल्यावर आत्मा देवाकडे जातो आणि शेवटी सर्वांचा न्याय होतो, एवढं त्यांनाही मान्य आहे. मधल्या शुद्धीला पवित्र शास्त्रात आधार नाही, असं ते म्हणतात. माझी मावशी त्या घरात दिलेली. मावसा दरवर्षी येतात, आम्ही आजीसाठी प्रार्थना करतो तेव्हा टोपी काढून गप्प उभे राहतात, आणि आमचं झालं की पुनरुत्थानाचं एक गीत स्वतः सुरू करतात. ते गीत आम्हाला सगळ्यांना येतं.