व्यस्त वर्गातला तो ‘२’ कुठून आला?

‘पाचव्या मितीतली ऊर्जा जागवा’ अशी एका शिबिराची जाहिरात परवा मोबाइलवर आली. मिती म्हणजे परलोक नव्हे की ऊर्जेचं कोठारही नव्हे. मिती म्हणजे सरकायला मोकळी असलेली आणखी एक दिशा, बस्स. अशी जादा दिशा शोधायला ध्यान लावावं लागत नाही, न्यूटनच्या सूत्रातला घातांक तपासावा लागतो.

अंतर दुप्पट केलं की गुरुत्वाकर्षण एक चतुर्थांश होतं, म्हणजे ते अंतराच्या वर्गानं घटतं; हाच व्यस्त वर्ग. का? वस्तूची ओढ भोवतालच्या गोलाच्या पृष्ठभागावर पसरते, आणि त्रिज्या दुप्पट झाली की तो पृष्ठभाग चौपट होतो. सूत्रातला ‘२’ म्हणजे अवकाशाच्या तीन मिती वजा एक. चार मिती असत्या तर तिथे ३ आला असता. मग ग्रहांच्या कक्षाच टिकल्या नसत्या, हे भौतिकशास्त्रज्ञ एरेनफेस्टनं १९१७ मध्येच दाखवलं.

पण जादा मिती गुंडाळलेली असली तर? १९२६ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ क्लाइननं हेच सुचवलं. पाण्यानं भरलेल्या लांब, अरुंद नळीत शाईचा थेंब सोडा. आधी तो चहूबाजूंनी पसरतो, कडेला टेकला की फक्त लांबीच्या दिशेनं. (गुंडाळलेल्या मितीला भिंत नसते, पुढे जात राहिलं की माणूस फिरून जागेवर येतो. हिशेब मात्र तोच.) म्हणजे नळीच्या रुंदीहून कमी अंतरावर मोजलं, तरच घातांक बदललेला दिसणार.

जादा मिती दोन असतील, तर ही रुंदी मिलिमीटरच्या आसपासही असू शकेल, असं १९९८ मध्ये अर्कानी-हामेद, डिमोपोलस आणि द्वाली यांनी मांडलं. प्रकाश आणि अणू आपल्या त्रिमितीय जगाच्या पटलाला चिकटलेले, गुरुत्वाकर्षण तेवढं बाहेर झिरपतं, म्हणून ते इतकं दुबळं! कल्पना देखणी, आणि टेबलावर तपासता येण्याजोगी.

सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात ती तपासली गेली. बारीक तारेला टांगलेली, खाचा पाडलेली चकती. खाली तशाच खाचांची फिरणारी चकती. मध्ये विजेची ओढ अडवणारा धातूचा पडदा. खाचेसमोर खाच येते-जाते तशी वरची चकती किंचित पिळते, आणि तो पीळ मोजायचा. २०२० च्या निकालात ५२ मायक्रोमीटरपर्यंत घातांक २ च निघाला.

जादा मिती दोनऐवजी तीन असतील, तर त्याच गणितानं आकार नॅनोमीटरच्या घरात जातो. तेवढ्या जवळ चकत्या नेल्या की विद्युत बलांच्या गोंगाटात गुरुत्वाकर्षणाचा पीळ ऐकूच येत नाही.