हेड गॅस्केट गळती, टर्बो इंजिनातील

सिलिंडर हेड आणि ब्लॉक यांच्यामधील गॅस्केट दाब धरेनासे झाल्याने ज्वलनवायू कूलंटमध्ये (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवात) शिरण्याचा दोष. गॅरेजमध्ये याला ‘गॅस्केट उडाले’ म्हणतात. टर्बो इंजिनात मात्र ते बहुधा फक्त बूस्ट (टर्बोने इंजिनात दाबून भरलेली जादा हवा) असेपर्यंत गळते. सुबारूचे २,४५७ घ.सेंमी.चे ईजे२५७ इंजिन हे याचे परिचित उदाहरण.

कारणाविषयी एकमत नाही. याच मालिकेतील १९९० च्या दशकातील बिनटर्बो इंजिनांच्या गॅस्केटची अपकीर्ती ईजे२५७ लाही चिकटली. पण याचे गॅस्केट मुळातच बहुस्तरीय पोलादी आहे, त्यामुळे तो ठपका याला नीट लागू पडत नाही. दुसरे मत बोल्टांकडे बोट दाखवते. दोन सिलिंडरांवरच्या प्रत्येक हेडला ११ मि.मी.चे सहाच बोल्ट असल्याने जादा दाबाने ते ताणले जातात व हेड क्षणभर उचलले जाते. तिसरे मत नॉकिंगला (सिलिंडरमधील इंधनमिश्रण अवेळी भडकण्याला) दोष देते. पण हेड उचलणारा दाबाचा झटका बऱ्याचदा नॉकिंगमधूनच येतो. उतरवलेल्या गॅस्केटला भोक सहसा नसते, सिलिंडरच्या कड्याबाहेर काजळीची रेघ तेवढी दिसते. हे दुसऱ्या मताशी अधिक जुळते.

लक्षणे : चढावर तापमानाचा काटा वर जाऊन पुन्हा खाली येतो, आयडलला हीटर गार हवा टाकतो, जादा कूलंटच्या बाटलीत गेलेले कूलंट इंजिन निवल्यावर परत ओढले जात नाही. तेल दुधाळ झालेले क्वचितच आढळते. सिस्टिममध्ये अडकलेली हवा किंवा सुमारे १.१ बार दाब धरणारे कूलंटचे झाकण कमजोर असले तरी हेच घडते. या गाड्यांत रेडिएटर व हेडर टँक (इंजिनावरची कूलंटची छोटी टाकी) यांची झाकणे वेगळी असतात. अदलाबदल झाली की गॅस्केटवर नाहक आळ येतो.

निळ्या द्रवाच्या चाचणीत कूलंटवरची हवा नळीतल्या निळ्या द्रवातून ओढतात; ज्वलनवायूने द्रव पिवळा होतो. ती गाडी बूस्टवर पळवून आल्या आल्या करावी. कूलंटची पातळी आधी सुमारे ५ सेंमी. उतरवावी, कारण कूलंट नळीत ओढले गेले की चाचणी फुकट. सर्वांत बोलकी खूण म्हणजे कूलंटला जोडलेला दाबमापक. उष्णतेने काटा संथ चढतो; पूर्ण बूस्टला उसळला तर वायू शिरतो आहे. मग प्रत्येक सिलिंडरचा पिस्टन वरच्या मृतबिंदूवर (सर्वांत वरच्या जागी) अडवून सुमारे ७ बार हवा सोडली की हेडर टँकमधले बुडबुडे दोषी सिलिंडर दाखवतात.

हेड उतरल्यावर सरळपट्टीखाली ०.०५ मि.मी.ची फीलर पट्टी (फट मोजायची पातळ पट्टी) शिरली तर फेसिंग मारावे, म्हणजे पृष्ठभाग यंत्रावर सपाट करून घ्यावा. ब्लॉकही तपासावा. तो अपघर्षक चकतीने घासू नये. तिची भुकटी तेलातून बेअरिंगपर्यंत जाते.