सांडपाणी बंद झालं, पाऊस पडला आणि जमीन चोपण झाली

कारखान्याच्या सांडपाण्याला रंग नाही, वास नाही, म्हणजे ते शेताला चालेल, असा समज सर्रास आढळतो. रंग आणि वास काढता येतात. विरघळलेले क्षार मात्र गाळण्यांनी किंवा जिवाणूंच्या टाक्यांनी निघत नाहीत. त्यासाठी आरओ (दाबानं पाणी सूक्ष्म पडद्यातून काढणं) किंवा बाष्पीभवनासारखी प्रक्रिया लागते. कापड रंगवताना मीठ आणि धुण्याचा सोडा वापरतात, कातडी टिकवताना मीठ. त्यातला सोडियम पाण्याबरोबर शेतात उतरतो.

जड धातूंचीही काळजी हवीच. कॅडमियम पालेभाज्यांत सहज चढतं, तर शिसं बहुतेक वरच्या थरातच अडकतं. पण जमिनीची घडणच मोडतो तो सोडियम.

चिकणमातीचा कण म्हणजे 2 मायक्रॉनपेक्षाही लहान, ऋण भाराचा पापुद्रा. कॅल्शियमवर दोन धन भार असतात. तो पापुद्र्याला घट्ट बिलगतो, त्यामुळे शेजारचे कण जवळ येतात आणि माती रवाळ राहते. सोडियमवर एकच भार, शिवाय भोवती पाण्याच्या रेणूंचं जाड वेष्टन. तो पापुद्र्यापासून सैलसर, दूरवर पसरलेला राहतो. हा आयनांचा, म्हणजे भार असलेल्या अणूंचा, ढग जितका फुगलेला, तितके कण एकमेकांना जास्त ढकलतात. सुटे झालेले कण वाहत जाऊन मातीची छिद्रं बुजवतात.

खरी फसगत पुढे आहे. पाण्यात एकूण क्षार भरपूर असले की हा ढग दबलेला राहतो. म्हणून खारं सांडपाणी चालू असताना जमीन ठीकच दिसते. पहिला मोठा पाऊस वरचे क्षार धुऊन नेतो, कणांना चिकटलेला सोडियम मात्र तिथेच राहतो. ढग फुगतो, माती विरते, वर पपडी धरते, पाणी साचतं, कोंब आतच गुदमरतात. सोडियममुळे अशी बिघडलेली जमीन म्हणजेच चोपण. दोष पावसाला दिला जातो.

पाणी तपासताना सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं गुणोत्तर, म्हणजे एसएआर, बघा. लिटरमध्ये सोडियम 690 मिलिग्रॅम (30 मिलिइक्विव्हॅलंट, म्हणजे भारांच्या हिशोबानं मोजलेलं प्रमाण), कॅल्शियम 80 (4) आणि मॅग्नेशियम 49 (4) असेल, तर शेवटच्या दोघांच्या सरासरीचं वर्गमूळ 2, आणि 30 भागिले 2 म्हणजे 15. बायकार्बोनेट जास्त असेल तर कॅल्शियम चुनखडी होऊन खाली बसतं. ते 4 वरून 1 वर आलं की हेच गुणोत्तर 19 होतं, सोडियमचा एक कणही न वाढता.

जमिनीची घरगुती चाचणी सोपी आहे. 5 मिलिमीटरचा वाळलेला खडा पावसाच्या किंवा डिस्टिल्ड पाण्यात अलगद सोडा आणि दोन तास हलवू नका. खडा फुटून बारीक तुकडे झाले पण पाणी नितळ राहिलं, तर सेंद्रिय पदार्थ कमी आहेत. खड्याभोवती दुधाळ वलय आलं, तर सोडियमचा त्रास आहे. बोअरचं पाणी वापरलं तर त्यातल्या क्षारांमुळे हे वलय दडतं.

नळीला चुंबक बसवून पाणी गोड करणारी यंत्रं विकली जातात. आधी आणि नंतर सोडियम मोजून घ्या. आकडा हलत नाही.

उपाय जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा. त्यातलं कॅल्शियम सोडियमला कणावरून हटवतं. 100 ग्रॅम मातीतला 1 मिलिइक्विव्हॅलंट सोडियम 15 सेंटिमीटर खोलीपर्यंत काढायला हेक्टरी सुमारे 1.9 टन शुद्ध जिप्सम लागतं. 80 टक्के शुद्धतेचं असेल तर 2.4 टन. ते वरच्या थरात मिसळा, मगच चांगलं पाणी भरा. जिप्समशिवाय नुसत्या गोड्या पाण्यानं जमीन धुवायला गेलात, तर वर सांगितलेला पावसाचाच परिणाम होतो. आणि जिप्सम घेण्याआधी चर खणून निचरा बघा. सुटलेला सोडियम सल्फेट म्हणून खाली वाहून जायला वाट नसेल, तर तो मुळांशीच साचतो आणि पाणी वर चढून वाळलं की पुन्हा पृष्ठभागावर येतो.