यंत्राची वही कुणी पाहायची?

११ मे १९९७ रोजी न्यूयॉर्कमध्ये बुद्धिबळाचा तेव्हाचा जगज्जेता गॅरी कास्पारोव्ह आयबीएमच्या डीप ब्लू या संगणकाविरुद्धच्या सामन्यातला सहावा, निर्णायक डाव अवघ्या १९ चालींत हरला. काळी मोहरी घेऊन तो कॅरो-कान बचाव खेळत होता. सातव्या चालीला त्याने राजाच्या बाजूचं कडेचं प्यादं एक घर पुढे सरकवलं आणि डीप ब्लूने घोड्याचा बळी देऊन ई६ या घरावरचं प्यादं मारलं. सेकंदाला सुमारे २० कोटी स्थिती तपासणाऱ्या यंत्राने ही चाल हिशेब करून काढली असेल, असंच कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती आली 'ओपनिंग बुक'मधून, म्हणजे माणसांनी आधीच भरून ठेवलेल्या सुरुवातीच्या चालींच्या साठ्यातून.

खेळाडूने डाव चालू असताना टिपणांची वही उघडली, तर तो नियमभंग ठरतो. यंत्राचा साठा ही त्याची स्मरणशक्तीच, हा युक्तिवाद मला मान्य आहे. खरा अन्याय माहितीचा होता. कास्पारोव्हचे डाव वर्षानुवर्षं छापले जात होते. या सामन्यासाठी सुधारलेल्या डीप ब्लूचे सरावाचे डाव मात्र त्याला बघायला मिळाले नव्हते. शिवाय दोन डावांच्या मधे आयबीएमच्या चमूला प्रोग्राममध्ये बदल करायची मुभा होती. अटी कास्पारोव्हने मान्य केल्या होत्या, हे खरंच. पण मान्य केली म्हणून अट न्याय्य होत नाही.

पुढच्या सामन्यांत हे सुधारलं. २००२ मध्ये बहारीनला डीप फ्रिट्झ या बुद्धिबळाच्या प्रोग्रामशी खेळण्याआधी तेव्हाचा जगज्जेता व्लादिमिर क्रामनिक याला तो प्रोग्राम सरावासाठी मिळाला. सामना ४-४ असा बरोबरीत सुटला. २००६ मध्ये बॉनला तर आणखी पुढचं पाऊल पडलं. फ्रिट्झ साठ्यातून खेळत असेपर्यंत तो साठा क्रामनिकच्या समोरच्या पडद्यावर दिसायचा. यंत्र आठवणीतून खेळतंय की स्वतः मोजू लागलंय, हे त्याला त्याच क्षणी कळायचं. इतका नेमका नियम मला दुसरा माहीत नाही.

तरीही क्रामनिक ४-२ असा हरला. दुसऱ्या डावात तर एका चालीत होणारी मात त्याच्या नजरेतून निसटली. फ्रिट्झच्या वजिराने एच७ वर येऊन डाव संपवला. माणूस थकतो, त्याचं लक्ष विचलित होतं; यंत्राचं तसं होत नाही. हा फरक नियमांनी भरून काढू नये, असं मला ठामपणे वाटतं, कारण तेवढा वेळ एकाग्र राहणं हाही बुद्धिबळाचाच भाग आहे.

आता यंत्रं इतकी पुढे गेली आहेत, की त्यांच्या बाजूचं एखादं प्यादं किंवा घोडा आधीच काढून सामने खेळवतात. त्याने ताकदीतली तफावत कमी होते. पण आपण नेमक्या कोणत्या प्रोग्रामशी खेळतोय आणि तो उद्याही तोच असेल का, हे तिथेही खेळाडूला आधी कळायला हवं.