ट्यूबलाइटखाली व्हिडिओत काळे पट्टे का येतात?

मामेबहिणीच्या साखरपुड्याचं शूटिंग मी केलं, नवा कॅमेरा घेतला होता आणि हौसेने सगळं मॅन्युअलवर ठेवलं होतं. कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर मस्त दिसत होतं, पण रात्री लॅपटॉपवर फाइल उघडली तर अंगठी घालतानाच्या शॉटमध्ये आडवे काळपट पट्टे थरथरत होते. एडिटिंगमध्ये थोडे कमी झाले, गेले मात्र नाहीत, आणि तो क्षण काय परत शूट करता येत नाही. तेव्हापासून व्हिडिओ शिकणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हेच सांगतो.

गोष्ट अशी आहे की आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. म्हणजे करंट सेकंदाला ५० वेळा पुढे-मागे होतो, आणि दिवा पुढे जातानाही उजळतो आणि मागे येतानाही, त्यामुळे तो सेकंदाला १०० वेळा कमी-जास्त होत असतो. डोळ्याला ते कळत नाही. खात्री करायची असेल तर जुन्या चोकच्या ट्यूबचं किंवा स्वस्तातल्या एलईडी बल्बचं मोबाइलवर सेकंदाला २४० फ्रेमच्या, म्हणजे २४० चित्रांच्या, स्लो मोशनमध्ये शूटिंग करून बघा, भिंत चक्क धडधडताना दिसेल! जुना पिवळा बल्ब एवढा लपलप करत नाही, कारण त्याची तार तापलेली असते आणि सेकंदाच्या शंभराव्या भागात ती गार व्हायला वेळच मिळत नाही.

आता कॅमेऱ्याचं बघू. बहुतेक कॅमेरे आणि मोबाइलचा सेन्सर अख्खी फ्रेम एकदम टिपत नाही, वरच्या ओळीपासून खालपर्यंत एकेक ओळ वाचत जातो, यालाच रोलिंग शटर म्हणतात. समजा वरून खाली यायला त्याला १/५० सेकंद लागला, तर तेवढ्यात दिवा दोनदा मंद होऊन गेला, म्हणून दोन काळे पट्टे. शटर म्हणजे प्रत्येक ओळ किती वेळ उजेड घेते ते. माझं शटर त्या दिवशी १/२५० सेकंद होतं, म्हणजे प्रत्येक ओळीला उजेडाच्या एका ठोक्याचा जेमतेम तुकडा मिळत होता, कुणाला उजळ तर कुणाला मंद. फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम, ३०, आणि १०० ला ३० ने पूर्ण भाग जात नाही, म्हणून प्रत्येक फ्रेममध्ये पट्ट्यांची जागा बदलत होती.

शटर १/५० केलं की प्रत्येक ओळीला बरोब्बर दोन पूर्ण ठोके मिळतात, मग ती ओळ कधीही वाचायला सुरुवात करू दे, उजेड सगळ्यांना सारखाच. १/१०० ला एक पूर्ण ठोका, तेही चालतं. १/६० ला पावणेदोनच्या आसपास, तिथे गडबड. बरेच जण सांगतात २५ फ्रेमवर शूट करा म्हणजे पट्टे जातील, पण खरं काम शटर करतं, ३० फ्रेमवरसुद्धा १/५० ठेवलं तर पट्टे येत नाहीत. २५ फ्रेमचा फायदा वेगळा आहे, शटर फ्रेम रेटच्या साधारण दुप्पट असलं की हालचाल डोळ्याला सिनेमासारखी मऊ दिसते, आणि २५ ची दुप्पट ५०, म्हणजे दोन्ही कामं एकाच आकड्यात होतात.

अडचण होते ती दुपारी बाहेर. कडक उन्हात आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदनशीलता, १०० आणि शटर १/५० ठेवलं तर लेन्सचं छिद्र एफ २२ पर्यंत बारीक करावं लागतं, मागचं धूसर वगैरे काही होत नाही. एफ ४ एवढं मोठं छिद्र हवं असेल तर उजेड ३२ पट कमी करायला हवा, त्यासाठी लेन्सवर एनडी ३२ फिल्टर लावायचा, कॅमेऱ्याला काळा गॉगलच तो. खरं तर उन्हात दिव्यांची लपलप नसतेच, तिथे १/५० फक्त हालचालीसाठी.

अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, म्हणून तिकडचे नातेवाईक तिकडेच शूट करणार असतील तर त्यांनी १/६० ठेवायचं. बऱ्याच कॅमेऱ्यांत आणि काही मोबाइलमध्ये फ्लिकरसाठी, म्हणजे याच लपलपीसाठी, ५० आणि ६० असा पर्याय असतो, तिकडून आणलेला कॅमेरा असेल तर तो आधी बघा.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे १/५० पण हात टेकतं, ते म्हणजे मांडवातल्या एलईडी माळा आणि डिमरवरचे (उजेड कमी-जास्त करता येणारे) रंगीत लाइट. ते बरेचदा आतल्या सर्किटच्या वेगाने चालू-बंद होतात, मग मेनच्या विजेच्या ५० हर्ट्झशी त्यांचा संबंध राहत नाही. तिथे मी अर्धा तास लवकर जातो, सगळे लाइट लावायला सांगतो, दहा सेकंदांची क्लिप घेऊन झूम करून बघतो आणि पट्टे जाईपर्यंत शटर थोडं थोडं फिरवत राहतो.